बक्षीसाहेबांच्या बाटलीत निघालेला दगड

इथले भुताखेतांचे अनुभव मी रोज जेवणानंतर वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. कुणाला वळणावर बाई दिसते, कुणाच्या स्वयंपाकघरात भांडी वाजतात... आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मी आधी विचारते, "सकाळपासून जेवली होती का ती?" अशी मी बाई. त्यामुळे मी हे लिहायला बसले आहे याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटतंय. शिवाय माझी एक तक्रारही आहे. ती शेवटी सांगते.

मी वर्ध्याची. वडील भाजीपाला पिकवायचे – वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, चवळीच्या शेंगा – आणि मी बाजारात दुकान मांडून बसायची. भाव कसा पाडायचा आणि कसा धरून ठेवायचा, हे मी तिथेच शिकले. पुढे पऱ्हाटीचा धंदा सुरू केला. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहते ती वाळकी काडी. आमच्याकडे ती चुलीत जाते, नाहीतर बांधावर पेटवून देतात. मी तिचा कोळसा करून इस्त्रीवाल्यांना विकू लागले. मग पाण्याच्या फिल्टरमध्ये लागतो तो कोळसा. आणि शेवटी, लोक वेड्यात काढत असताना, कॅटॅलिस्ट.

कॅटॅलिस्ट म्हणजे औषधाच्या कारखान्यात रसायनाला धक्का देणारी भुकटी. ती स्वतः संपत नाही, पण तिच्याशिवाय काम पुढे सरकत नाही. माझ्या मालात पऱ्हाटीच्या कोळशावर पॅलेडियम नावाच्या महागड्या धातूचे इतके बारीक कण बसवलेले असतात की साध्या सूक्ष्मदर्शकालाही ते दिसत नाहीत. कण बारीक आणि सुटे असले तर माल चांगला. एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे झाले तर माल मेला. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजेल.

पिपरी मेघेच्या पुढे माझी शेड आहे. तिथल्या भट्टीवर सुरुवातीपासून हमीद मिस्त्री होते. गिरडकडचा माणूस. भट्टी पेटवायच्या आधी तोंडाशी चिमूटभर लोबान जाळायचे आणि गिरडच्या टेकडीवरून आणलेला एक गोल दगड भट्टीच्या दारावर ठेवायचे. त्या टेकडीवर असे दगड पुष्कळ मिळतात, काही सुपारीएवढे, काही नारळाएवढे. गोष्ट अशी सांगतात की दोन व्यापाऱ्यांनी तिथल्या दर्ग्याच्या फरीदबाबांची टर उडवली आणि त्यांच्या बैलांवर लादलेला सगळा माल, नारळ काय नि सुपाऱ्या काय, दगड होऊन बसला. मिस्त्री मला चिडवायचे, "सौदा करताना कोणाची मस्करी नको करत जा, बाई. मालाचा दगड होते."

मी म्हणायची, "मी मस्करी करत नाई मिस्त्री, मी भांडते."

"मंग चालते," म्हणायचे.

मिस्त्रींची आणखी एक सवय होती. शेतकरी पऱ्हाटीचा ढीग दाखवायचा तेव्हा वरच्या पेंढ्या खडखडीत वाळलेल्या असायच्या. मी त्या बघून भाव सुरू करणार, तेवढ्यात मिस्त्री हातातला चिमटा ढिगाच्या कडेला खुपसायचे आणि म्हणायचे, "बाजूले पाहा, बाई." आतून ओली पेंढी निघायची. मग मी भाव पाडायची. असा आमचा जोडीचा धंदा चालायचा. गेल्या हिवाळ्यात मिस्त्री झोपेतच गेले. आता भट्टी शोभा बघते. लोबान आणि दगड तिने चालू ठेवलं आहे. मी अडवलं नाही.

आता मूळ प्रकरण.

शेजारच्या जिल्ह्यातली एक औषध कंपनी माझा माल घ्यायची. नाव लिहीत नाही. तिथे खरेदीचे मुख्य बक्षीसाहेब. माणूस गोड बोलणारा, पण पट्टीचा खडूस. या वर्षी नागपूरला त्यांनी सगळ्या पुरवठादारांची मीटिंग घेतली. मोठा हॉल, मोठा पडदा. मी नवी कोरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसले, कारण माझा नवा लॉट नुकताच गेला होता आणि मला कौतुकाची अपेक्षा होती. पडद्यावर एक काळा-पांढरा फोटो आला. काळ्या कोळशावर पांढरे गोळेच गोळे, एकमेकांना चिकटलेले.

बक्षीसाहेब म्हणाले, "यह देखिए. घरगुती कॅटॅलिस्ट. चूल्हे से सीधा फॅक्टरी में."

सगळा हॉल हसला. फोटोखाली माझ्या लॉटचं नाव होतं.

मी उभी राहिले. "हा माझा माल नाही."

"ताई, बाटलीवर तुमचंच लेबल आहे," ते म्हणाले. "मशीन खोटं बोलत नाही. तुम्ही पापड-लोणची करा ना, उसमें बहुत स्कोप है."

पुन्हा हशा. मला त्या क्षणी काय काय बोलावंसं वाटलं ते इथे लिहिता येणार नाही. थोडं बोललेही. हॉलमधून मला बाहेर यावं लागलं.

त्या हशाचा परिणाम महिन्याभरात दिसला. ज्या दुसऱ्या दोन कंपन्या माझा माल घ्यायच्या त्यांनीही "सध्या थांबा" म्हणून सांगितलं. शेडमध्ये बाया रिकाम्या बसू लागल्या. शोभा म्हणाली, "ताई, भट्टी थंडी पडली तं अंदरची वीट तडकते. आपलं का होईन?" वीट तर तडकलीच असती, पण मला आणखी एक गोष्ट दिसत होती – माझ्या नावावर एकदा 'चुलीवरचा माल' हा शिक्का बसला की तो निघणार नव्हता.

मी बक्षींना फोन करून करून हैराण केलं. आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. प्रत्येक लॉटमधून दोन बाटल्या भरायच्या, लाखेनं बंद करायच्या. एक कंपनीला, एक आपल्याकडे. माझी बाटली माझ्या कपाटात जशीच्या तशी होती. मी म्हटलं, तुमची बाटली आणि माझी बाटली, दोन्ही एकाच इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवू. तुमच्या समोर, माझ्या समोर, तिसऱ्याच्या हातून.

"और आप हार गईं तो?"

"शेडला कुलूप लावते आणि तुमच्याकडे परत तोंड दाखवत नाही. पण तुम्ही हरलात तर दोन गोष्टी. माझ्या शेडवर येऊन माझ्या बायांसमोर सांगायचं की माल चांगला होता. आणि पुढच्या मीटिंगला त्याच पडद्यावर खरा फोटो लावायचा."

"एक बात मान लेता हूँ. शेडवर येतो."

"दोन्ही. नाहीतर मी तुमच्या मोठ्या साहेबांच्या दारात बसते."

अर्धा तास ताणलं त्यांनी. शेवटी दोन्ही कबूल केलं.

वर्ध्याजवळच्या एका कॉलेजात तसं मशीन आहे. ते चालवतात डॉ. मृणाल मॅडम. साताऱ्याच्या, इथे नव्याने आलेल्या, वऱ्हाडी बोली ऐकली की अजून गोंधळणाऱ्या. ठरल्या दिवशी भर दुपारी आम्ही तिघं त्या खोलीत बसलो. एसीचा गारवा, काचेचं बंद दार, चपला बाहेर. मशीन म्हणजे एक उंच नळकांडं, बाजूला दोन स्क्रीन. मॅडमनी आधीच समजावलं होतं – आत हवा काढून टाकतात, वरून इलेक्ट्रॉनची बारीक धार सोडतात, ती नमुन्यावरून ओळीओळीनं फिरते आणि चित्र तयार होतं. धातू पांढरा दिसतो, कोळसा काळा.

आधी माझी बाटली. मॅडमनी लाख तोडून चिमूटभर भुकटी लावली. स्क्रीनवर पऱ्हाटीच्या काडीतल्या नळ्या दिसल्या, मधाच्या पोळ्यासारख्या. जळून कोळसा झाल्या तरी आकार तसाच होता. त्यांच्या भिंतींवर पांढरे ठिपके, रात्रीच्या आभाळासारखे... मी आयुष्यात पहिल्यांदा माझा माल खऱ्या अर्थाने पाहत होते. मॅडमनी कॉम्प्युटरला फोटो दिला. त्याने एकेका ठिपक्याभोवती हिरवं कडं काढलं, मोजमाप केलं आणि आलेख काढला. सगळे ठिपके जवळजवळ एकाच मापाचे.

"सुंदर आहे," मॅडम म्हणाल्या. "फार सुंदर पसरलंय."

मी बक्षींकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "आता आमची."

त्यांच्या बाटलीतही त्याच नळ्या दिसल्या. पऱ्हाटीच. माझाच कोळसा. आणि त्यावर गोळे. हुबेहूब हॉलमधल्या फोटोसारखे. कॉम्प्युटरची कडी एकमेकांवर चढायला लागली.

मी स्क्रीनला नाक लावून पुन्हा पाहिलं. गोळेच.

बक्षी खुर्चीत मागे टेकले. "मेरा सीधा हिसाब है, ताई. स्वतःच्या कपाटात चांगला माल ठेवलात, आम्हाला टाकाऊ पाठवलात. कोळसा तर तुमचाच आहे ना? या जिल्ह्यात पऱ्हाटीचा कॅटॅलिस्ट दुसरं कोण करतं?"

बाटलीची लाख त्यांच्याकडे तोडलेली होती हे मी ओरडून सांगितलं, पण लाख तर त्यांना तपासायला तोडावीच लागणार. मॅडम वेगवेगळ्या जागा दाखवत होत्या, सगळीकडे तेच. शेवटी त्या म्हणाल्या, "अजून एक फोटो घेते आणि थांबते." आणि त्यांनी अचानक मान वळवून मागे पाहिलं. मागे एसी आणि भिंत. मग नमुना जरासा सरकवला. स्क्रीनवर नुसता काळा कोळसा आला, ना गोळे, ना काही. बक्षी म्हणाले, "इथे तर काहीच नाही, मॅडम." मॅडमनी तरीही फोटो घ्यायची कळ दाबली.

या मशीनमध्ये पक्का फोटो सावकाश येतो. वरून खाली, एकेक ओळ. वरचा भाग आला – कोळसा. मध्यापर्यंत कोळसा. मग एक पांढरट कड उमटली. ती वाकत गेली. तिच्या आत बारीक बारीक भोकं, एकसारखी, रांगेनं, जणू कुणी सुईनं टोचून काढली आहेत. आम्ही तिघंही पुढे झुकलो. ओळ खाली आली तेव्हा पडद्यावर एक पूर्ण गोल, जाळीदार चकती होती. सुपारी मधोमध चिरून तिच्यावर विणकाम करावं तशी.

"हे काय आहे?" मी विचारलं.

मॅडम एकदम सरळ बसल्या. "हे तुमच्या मालात कसं? हे डायटम आहे! पाण्यातल्या अतिसूक्ष्म वनस्पतीचं कवच. अशा कवचांची पांढरी भुकटी कारखान्यात गाळणीवर पसरतात, वापरलेला कॅटॅलिस्ट गाळून काढायला."

"माझ्याकडे गाळणीच नाही," मी म्हटलं. मग माझ्या डोक्यात ते लख्ख झालं आणि माझा आवाज चढला. "मी कोरा माल विकते! गाळायचं कशाला? गाळणी ती वापरून झालेल्या मालाला लागते. साहेब, तुमच्या कारखान्यात वापरून, तापवून, त्याच भुकटीवर गाळून निघालेला माझाच जुना माल या बाटलीत भरलाय!"

बक्षींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ती पांढरी भुकटी त्यांनीच तर गोण्यांनी विकत घेतलेली होती. त्यांना ती माझ्यापेक्षा चांगली ठाऊक. तरी एकदा म्हणाले, "एक तुकडा... कुठूनही उडून येऊ शकतो."

"मग शोधू," मॅडम म्हणाल्या. आता कुठे काय शोधायचं ते त्यांना कळलं होतं. कणांच्या कडांना, खाचांमध्ये त्या बघत गेल्या आणि तुकडे सापडत गेले. मोडके, अर्धे, पण भोकांची तीच नक्षी. जिथे पाहावं तिथे. माझ्या बाटलीत एकही नाही. मशीनला एक जोड आहे, पदार्थ कशाचा बनलाय ते सांगणारी. मॅडमनी ती लावली. "सिलिका," त्या म्हणाल्या. "गारगोटी असते ना, तेच. दगडच म्हणा."

बक्षींनी तिथूनच कारखान्यात फोन लावला. बराच वेळ ऐकत राहिले. लॉट आला त्या दिवशी लॅबमध्ये माझी बाटली कुणाच्या तरी हातून सांडली होती. बोलणी खायला लागू नयेत म्हणून त्याने वापरातल्या मालाच्या डब्यातून चमचाभर घेऊन ती परत भरली. काळं ते काळं. फोन ठेवून बक्षी मला म्हणाले, "ताई, सॉरी."

"इथे नाही," मी म्हटलं. "ठरलंय तिथे. आणि आता तिसरी गोष्ट. यापुढे बाटली उघडायची ती माझ्या माणसासमोर."

"तिसरी कुठे ठरली होती?"

"तेव्हा तुम्ही हरलेले नव्हतात."

त्यांनी तेही मान्य केलं. तिथेच लिहून घेतलं मी.

ते शेडवर आले तो दिवस मी विसरणार नाही. बाया नव्या साड्यांत रांगेनं उभ्या. बक्षी हात जोडून म्हणाले की माल उत्तम होता, चूक आमच्याकडची होती. शोभा मागून म्हणाली, "साहेब, जरा जोरात सांगा, भट्टीले ऐकू नाई आलं." सगळ्या हसल्या. बक्षीही हसले आणि पुन्हा, मोठ्यानं बोलले. मी वांग्याची भाजी आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे केले होते. बाया म्हणाल्या, "घ्या साहेब, घरगुतीच आहे, चुलीवरचं." त्यांनी मुकाट्याने खाल्लं, मागून घेतलं.

इथपर्यंत यात अमानवीय काही नाही. मीही तसंच समजत होते. भट्टी पेटवायची वेळ झाली, शोभानं लोबान जाळला, आणि बक्षी हातातलं ताट घेऊन उभेच राहिले.

"अरे, यही खुशबू," ते म्हणाले. "त्या दिवशी मॅडमच्या लॅबमध्येही हीच होती. वो जाली वाला फोटो आया ना, उसके ठीक पहले. मला वाटलं, शेजारी कुणी पूजा करतंय."

मी म्हटलं, माझ्या कपड्यांचा वास आला असेल. पण बोलताबोलताच आठवलं, त्या दिवशी मी शेडवर गेलेच नव्हते. घरून थेट कॉलेजात. साडीही पेटीतली काढलेली, तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मॅडमना शिंका आल्या होत्या. आणि त्या बंद खोलीत, त्या मशीनजवळ धूप कोण जाळणार?

रात्रीपर्यंत मला राहवेना. मॅडमना फोन केला. वास आला होता का, विचारलं. वास नाही, म्हणाल्या. मग थोडं थांबून, जरा संकोचानं म्हणाल्या, "एक विचारू? त्या दिवशी खोलीच्या बाहेर तुमचे कुणी म्हातारे गृहस्थ होते का? शेवटच्या फोटोच्या आधी माझ्या अगदी मागून कुणीतरी म्हणालं, 'बाजूले पाहा, बाई.' म्हणून मी वळले. कुणी नव्हतं. पण म्हटलं सांगितलंय तर बघू, म्हणून नमुना बाजूला सरकवला."

मॅडमना मी मिस्त्रींबद्दल कधीच, एक अक्षरही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले. प्रत्येक फोटोसोबत नमुन्याची नेमकी जागा आकड्यांत साठवलेली असते. बक्षींच्या बाटलीचा नमुना मॅडमनी जपून ठेवला होता. तो आत घातला, आकडे टाकले, मशीन बरोब्बर त्या जागी गेलं. तोच कोळसा, तीच चीर, तोच खड्डा, फोटोत दिसतात तसे. चकती नव्हती. पक्का फोटो सावकाश काढला, पुन्हा काढला. नुसता कोळसा. मॅडम म्हणाल्या, कण निसटून पडू शकतो. मग स्वतःच म्हणाल्या, "पण मग कळ दाबायच्या आधी, पहिल्या झलकेत का नव्हता?" आणखी एक गोष्ट त्या म्हणाल्या. त्या बाटलीत जे सापडले ते सगळे तुकडे होते. गोल, सबंध, एकही भोक न तुटलेली चकती त्या एकाच फोटोत.

तो फोटो आता मोठा करून मी भट्टीच्या दारावर लावलाय, गिरडच्या दगडाच्या वर. नागपूरच्या मीटिंगमध्येही तो लागला, त्याच पडद्यावर, माझ्या ठिपक्यांच्या फोटोशेजारी. पहिल्या रांगेत मी होते. कुणी हसलं नाही. थांबलेल्या दोन्ही कंपन्यांनी चहाच्या वेळीच मला गाठलं आणि मी भाव वाढवून सांगितला. दोघांनीही घासाघीस केली नाही. जरा वाईटच वाटलं.

शोभा म्हणते, "ताई, साहेबानं मस्करी केली, त्याच्या मालात दगड निघाला. याच्यात समजून घ्याचं काय आहे?" मॅडम म्हणतात, थकलेल्या मेंदूला आवाज येतात. बक्षी हल्ली गिरडला जाऊन आले म्हणे. मी सगळ्यांचं ऐकते आणि कुणाचंच पटत नाही. कुणाला याचं कारण सुचलं तर इथे खाली जरूर लिहा, पण मी ते समोरून घेणार नाही, बाजूनं बघून घेईन.

आणि आता ती तक्रार. बाटली माझी, भट्टी माझी, अब्रू माझी पणाला लागलेली. मिस्त्री माझा माणूस, इतकी वर्षं माझ्या शेजारी उभा राहून चिमटा खुपसणारा. बक्षीला वास दिला, साताऱ्याच्या बाईला आवाज दिला... आणि मी त्या दोघांच्या मधल्या खुर्चीत बसले होते, मला काही म्हणजे काही नाही. मागच्या आठवड्यात भट्टी पेटल्यावर मी तिच्या तोंडाशी उभी राहून मोठ्यानं विचारलंच, "मिस्त्री, मलेच काऊन नाई सांगितलं?"

बाया काम थांबवून बघत राहिल्या. भट्टी रसरसत होती. शोभा माझ्या हातात चिमटा देत म्हणाली, "ताई, तुमाले कशाले सांगतील? तुमी तं भांडाले उभ्याच होत्या."

ते मात्र खरं असावं.